वाटून दिलेले उपास

बांगड्या मेघाने तुमसरच्या बाजारातून घेतल्या होत्या, गेल्या वर्षीच्या दिवाळीला भाचीच्या हातात बसल्या होत्या त्याच मापाच्या. सोमवारी सकाळी माहेरी, दिघोरीच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर तिने गुड्डीचा हात ओढून घेतला. हात ओला करावा लागला नाही. डझनभर हिरव्या बांगड्या मनगटावरून निघाल्या त्या थेट कोपराशी जाऊन थांबल्या.

"बांगडीवालीनं फसवलं तुले," केशरबाई म्हणाल्या. "लहानपणापासून असीच भोळी आहेस तू."

मेघा हसली. एकेचाळीस वर्षांची बाई, चिखल्याच्या खाण-कॉलनीत अंगणवाडी चालवते, लोकांच्या लेकरांच्या दंडाला फीत लावून मापं घेते, आणि आईने भोळी म्हटल्यावर हसते. गुड्डीने मात्र हात झटकन सोडवून घेतला, स्वेटरची बाही बोटांपर्यंत ओढली आणि चुलीकडे गेली. तिच्या हाताचा गारवा मेघाच्या तळव्यात राहिला. कार्तिकातली सकाळ आहे, थंडी असणारच, असं तिने स्वतःला समजावलं.

त्या दिवशी सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. व्रत धरलं होतं रुपाने, मेघाच्या वहिनीने, श्रावणात. दोनच सोमवार झाले आणि रुपाची साखर अशी बिघडली की ती आंगणात कोसळली. डॉक्टरांनी उपासाचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. आता धरलेलं व्रत अर्धवट सोडायचं कसं? सगळ्या घराला दोन दिवस घोर लागला. तेव्हा सतरा वर्षांची गुड्डी पाण्याची कळशी खाली ठेवत म्हणाली, "मी धरतो ना, आई. तुह्या जागी." सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढचे चौदाही सोमवार पोरीने पाण्यावर काढले, आणि आज सतराव्या सोमवारी सोळा जोडपी जेवायला यायची होती. धानकापणीचे दिवस, बांध्यांमध्ये माणसांची झुंबड, तरी एकाही जोडप्याने नाही म्हटलं नव्हतं. अशा पोरीच्या हातचा प्रसाद कोण सोडणार!

मेघालाही अभिमान वाटला होता. अभिमान वाटण्यापलीकडेही तिने काही केलं होतं, पण ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

दुपारी आंगणातल्या मांडवाखाली पंगत बसली. ऊन चांगलं तापलं होतं. वाढणारे घामाघूम झाले होते आणि गुड्डी स्वेटर घालूनच भाताचं पातेलं घेऊन फिरत होती. कोणी दुसरी पोळी घेतली, कोणी भाजीला हात लावला नाही, सगळं तिच्या ध्यानात होतं. पंगत संपेस्तोवर तिने बूड टेकलं नाही, पाणी पिताना दिसली नाही. तिची नजर लोकांच्या ताटांत होती, घास तोंडात जाईपर्यंत ती बघत राहायची. अंगणवाडीत असं एखादं लेकरू मेघाने पाहिलं असतं तर तिने त्याला तिथेच जवळ घेतलं असतं.

"नात म्हणावं तं असी," शेजारच्या मनकर्णाबाई केशरबाईंना म्हणत होत्या. "आमच्या पोट्टीले दर दोन घंट्याले काही ना काही लागते."

"मी तुम्हाले खरं सांगू का, बाई?" केशरबाईंनी आवाज खाली आणला, पण त्यांचा खालचा आवाजही चार घरं ऐकतो. "बाईच्या जातीले एवढ्या दिवसांत मधात अडचण येतेच. एखादा सोमवार तं हुकतेच. इले एकदाही नाही आली. पुरे चार महिने. महादेवानंच सांभाळून घेतलं तिचं व्रत."

मनकर्णाबाईंनी हात जोडले.

मेघाच्या हातात वरणाची बादली होती. पुढच्या पानावर पळी तशीच अधांतरी राहिली आणि समोरचे पाहुणे "बाई, वाढा ना" म्हणाले तरी तिला कळलं नाही. चार महिने. बांगड्यांचं माप, गार हात, उन्हातला स्वेटर. आणि ही सगळी माणसं हात जोडून बसली आहेत. तिला आईचा इतका राग आला की बादली तिथेच आपटावीशी वाटली.

तिने बादली भावाच्या, भुपेंद्रच्या हातात दिली आणि आत गेली. रुपा चुलीसमोर पोळ्या शेकत होती.

"वहिनी, गुड्डीची पाळी कधीपासून बंद आहे?"

रुपाने वर पाहिलं नाही. "आषाढातली शेवटची."

"अन् तू गप?"

"तुमच्या आईले सांगतलं होतं. त्या म्हणाल्या, देवाची कृपा आहे, वाच्यता करू नोको." पोळी करपू लागली होती. "पंगत उठू द्या, मेघाताई. मंग बोलू."

पंगत उठली. उद्यापनाच्या चुरम्याचे तीन भाग करतात. एक महादेवाचा, एक गाईचा आणि एक जिने व्रत केलं तिचा. तो खाल्ल्याशिवाय व्रत पुरं होत नाही. गुड्डी दोन द्रोण घेऊन मागल्या दाराने गोठ्याकडे जाताना मेघाला दिसली. मेघा मागोमाग गेली तेव्हा गाय दुसरा द्रोणही चाटूनपुसून मोकळी झाली होती.

"हा तं तुह्या वाट्याचा होता, गुड्डे."

पोरगी दचकली. "मी खाल्ला. हा जास्तीचा होता."

"मी पाहून राहिली ना."

"मंग कायले विचारतेस?" गुड्डीचा आवाज एकदम चिरका झाला. घरात कधी कोणाला उलटून न बोलणारी पोर. "सगळे मलेच पाहून राहिले. खाऊ द्या ना गाईले."

मेघाने तिचं मनगट हातात घेतलं आणि गाईच्या पाठीवरून हात फिरवत असल्यासारखं दाखवत घड्याळाकडे पाहत राहिली. एका पुऱ्या मिनिटाला बेचाळीस ठोके. दंडावर बारीक मऊ लव उगवली होती, नखं निळसर पडली होती. तिने पुन्हा मोजले. तेवढेच.

"जेवाचं मन होत नाही का?"

"होते." गुड्डी भिंतीला टेकली. "पहिले लय भूक लागे. आता जेवली की वाटते का काही तरी गुन्हा केला. तू आईले सांगू नोको, तिची साखर वाढते."

मेघाने तिला सावलीत बाजेवर बसवलं आणि अंगणवाडीच्या कामामुळे ओळखीच्या झालेल्या, चिखल्याकडच्या एका डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाईंनी मोजके प्रश्न विचारले. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, केस गळतात का, लोकांसमोर जेवायचं टाळते का, स्वतःला जाडी म्हणते का, उपास कोणकोणते धरते. गुड्डीने उपास बोटांवर मोजून दाखवले. मग म्हणाल्या, "हा उपास नाही राहिला आता. हा आजार आहे, खाण्याचा आणि मनाचा, आणि नाडी एवढी मंद म्हणजे हृदयावर आलंय. आजच भंडाऱ्याला न्या, उद्यावर टाकू नका. मी तिथे कळवते. रागावू नका, जबरदस्तीने खाऊ घालू नका, घास मोजत तिच्यासमोर बसू नका. एकदम पोटभर खाऊ घालणंही धोक्याचं असतं. आणि मेघाताई, तिला एकटं सोडू नका."

"बरी होईल ना, मॅडम?"

"वेळेवर आणली तर होतात. वेळ लागतो."

पाहुण्यांची पांगापांग झाल्यावर मेघाने घरातल्या सगळ्यांना छपरीत बसवलं. वडील वासुदेवराव खाटेवर, केशरबाई खांबाला टेकून, भुपेंद्र उंबऱ्यावर, रुपा दाराआड. मेघाचं लग्न खाणीतल्या कामगाराशी झालं तेव्हा याच छपरीत वडील तिच्याशी दोन वर्षं बोलले नव्हते. तेव्हापासून ती या घरात पाहुणी म्हणून येते, पाहुणी म्हणून जाते आणि कोणाच्या मधात पडत नाही. आज तिने डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द सांगितला.

"डोक्याचा डॉक्टर?" भुपेंद्र म्हणाला. "मेघे, दोन-तीन महिन्यांवर बारावीची परीक्षा आली. अन् उद्या पवनी-कोंढ्यापर्यंत बोभाटा होईल का भुपेंद्रच्या पोरीच्या डोक्यात फरक पडला. तिची सोयरीक मंग तू जुळवशील का?"

"पोरगी राहिली तं सोयरीक, दादा."

"अभद्र बोलू नोको," केशरबाई कडाडल्या. "देवाचं केलं तिनं, अन् देव तिलेच खाईल का? नजर लागली आज, एवढी माणसं आली. जागेश्वरले बोलवा, मीठ-मिरची उतरवून देईल."

"माय, हप्त्यातला एक दिवस जेवत नाही पोरगी, एवढंच वाटते ना तुले?"

"सोमवार. आणखीन काय?"

"अन् चतुर्थी?"

केशरबाई थांबल्या. "थे माह्यी होती. माह्याच्यानं आता गोळ्यांवर होत नाही. तिले म्हटलं, तू कर. महिन्यातून एक तं येते."

"गुरुवार?"

"गुरुवारही माह्याच," केशरबाई हळू म्हणाल्या.

भुपेंद्रने मान खाली घातली. "शनिवार मी देल्ला. मारुतीचा. दिवसभर ट्रॅक्टरवर उपाशीपोटी भोवळ येते मले. म्हटलं, घरातलं कोणी धरलं तं चालते."

सगळ्यांची नजर खाटेकडे गेली. वासुदेवराव आयुष्यात कोणाला उत्तर द्यायला बांधील नव्हते. निदान तसं त्यांना वाटायचं. शेवटी ते म्हणाले, "एकादशी माह्यी. दोन्ही पक्षांतली."

"मंगळवार तिचा सोताचा, परीक्षेसाठी," रुपा दाराआडून म्हणाली. "बुधवारी म्हणते, कॉलेजात मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लं. रविवारी डोकं दुखते."

प्रत्येकाने आपला एकच दिवस पाहिला होता. एक दिवस उपाशी राहिल्याने कोणी मरत नाही, हे खरंच होतं. ज्याला त्याला तो आपल्या डोक्यावरून उतरवायचा होता आणि घरात एक मुकाट मान डोलावणारी पोर होती.

"शुक्रवार राहिला," रुपा म्हणाली. ती आता दाराबाहेर आली होती. एरवी सासूसमोर न उभी राहणारी रुपा सरळ नणंदेकडे पाहत होती. "शुक्रवार कोणाचा हो, मेघाताई? आम्हा सगळ्याईले विचारलं तुम्ही."

मेघाला वाटलं होतं हे कोणाला ठाऊक नाही. जूनमध्ये नवऱ्याची, कैलाशची बदली वरच्या कामावरून खाली, भुयारातल्या पाळीवर झाली तेव्हापासून ती तो घरी येईपर्यंत दाराशी उभी राहायची. तिला पित्ताचा त्रास, उपास सोसायचा नाही. एका दुपारी तिने फोन केला होता, गुड्डे, तुह्या काकाजीसाठी शुक्रवार धरशील का? पोरगी म्हणाली होती, धरतो ना.

"माह्या," ती म्हणाली. 

रुपाने मान हलवली. त्यात विजय नव्हता. ती येऊन मेघाच्या शेजारी खाली बसली, आणि लग्नाच्या अठरा वर्षांत या घरात रुपा कोणाच्या बाजूने बसलेली पहिल्यांदा दिसली.

वासुदेवरावांनी गुड्डीला हाक मारली. ती येऊन उभी राहिली. "आजपासून माह्यी एकादशी माह्यी," ते म्हणाले. "तुह्या आजीचं आजी पाहील, बापाचं बाप. हे घर तुह्यावर काही ठेवत नाही. झालं. रुपा, वाढ तिले. नव्या धानाचा भात आहे."

"बाबा, जबरदस्ती करू नोका म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"जबरदस्ती कुठी आहे? मोकळी केली मी तिले."

म्हाताऱ्याला खरंच वाटत होतं की काम झालं. घरातले सगळे तंटे त्यांनी आजवर असेच मिटवले होते, एका वाक्यात. ताट आलं. वाफाळलेला भात, वरण, तुपाची धार. गुड्डी मांडी घालून बसली. आजोबांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. तिने शितं एकमेकांपासून वेगळी केली, पुन्हा गोळा केली, ताटाच्या कडेला सरकवली. एक घास उचलला आणि ओठांपाशी नेला. तिथून तो पुढे जाईना. तिच्या कपाळावर घाम आला. पाचही मोठे एकटक तिच्याकडे पाहत होते.

घास ताटात पडला.

"होत नाही, आबाजी," ती म्हणाली. "मले भेव वाटते."

"कोणाचं भेव, बाई?"

"भाताचं."

तीन पिढ्या धान पिकवणारं ते घर होतं. केशरबाईंच्या तोंडून जागेश्वरचं नावही पुन्हा निघालं नाही. त्या नातीच्या ताटाकडे पाहत होत्या आणि त्यांचे ओठ नुसते हलत होते.

"मी थांबवले उपास तं तुम्हाले काही होईल," गुड्डी पुढे म्हणाली, हळू, जणू जुनी गोष्ट सांगत असावी तशी. "आई पडेल. बाबा ट्रॅक्टरवरून पडतील. काकाजी खाली आहेत. पयले तेवढंच भेव होतं. मंग घरात कोणाले काही झालं नाही तं मले वाटलं का चालून राहिलं. अन् मंग अंग हलकं झालं तं बरं वाटे. आता मले थांबताच येत नाही."

मेघाने तिला कवेत घेतलं. स्वेटरमधून फासळ्या हाताला लागल्या, एकेक. "थांबता येत नाही म्हणूनच दवाखान्यात जाऊन राहिलो, बाई. तुह्यं काही चुकलं नाही. आमचं चुकलं."

"आत्या, माणसं हसतील."

भुपेंद्र उंबऱ्यावरून उठला. तो पुन्हा परीक्षेचं काढेल असं मेघाला वाटलं. त्याने खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. "हसू दे," तो म्हणाला, आणि नाक शिंकरायच्या निमित्ताने बाहेर गेला.

भंडाऱ्याला पोचायला दोन तास लागले.  दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कळवून ठेवलं होतं. हृदयाचा आलेख काढला, रक्त घेतलं, सलाइन लावली. भरती करायचं ठरलं. हृदय सांभाळत सांभाळत अन्न सुरू करावं लागेल, थोडं थोडं, आणि शरीर सावरलं की मनाचे डॉक्टर रोज बसतील तिच्याशी, घरच्यांशीही. महिने लागतील, असं तरुण डॉक्टरने स्पष्ट सांगितलं. त्याच्या बोलण्यात दिलासा कमी होता आणि माहिती जास्त, मेघाला तेच बरं वाटलं.

गुड्डी हिरव्या पडद्यामागे पलंगावर होती. पडद्याच्या अलीकडे बाकावर सगळे ओळीने बसले होते, वासुदेवरावसुद्धा, हातात टोपी धरून. डॉक्टर कागद घेऊन समोर उभा राहिला.

"त्रास सुरू झाल्याची तारीख लागेल, अंदाजे. घरात पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?"

भुपेंद्रने मेघाकडे बोट केलं. "इच्या. आज."

"आज नाही," रुपा म्हणाली. ती बाकाच्या टोकाला बसली होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. "पोळ्याच्या पाडव्याले. तिनंच मले सांगतलं होतं. मी भांडे घासून राहिली होती, थे मागं येऊन उभी राहिली. म्हणाली, आई, भूक लागते पण खाल्ल्या जात नाही, मले कुठी तरी दाखव."

डॉक्टरचा पेन थांबला. "मग?"

"मी काही बोलली नाही. भांडे घासत राहिली. सोमवार माह्या होता ना. थे थांबली असती तं व्रत मोडलं असतं, अन् मले भेव होतं का मंग मले काही तरी होईल." रुपाचा आवाज कुठेही चढला नाही. "म्हटलं, उद्यापन होऊ दे."

केशरबाईंनी डोळे मिटून घेतले. मेघाने रुपाच्या पाठीवर हात ठेवायला हात उचलला, पण तो ठेवता आला नाही.

पडदा हलला. पलीकडून गुड्डीचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"आई, म्हणजे तुले ऐकू आलं होतं?"

रुपा उठली. एवढ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हव. आलं होतं." आणि पडदा बाजूला करून आत गेली.